कोळ्याची जाळी आणि आपली जयणा



दिवाळीची साफसफाई जवळ आली की खोडाळ्यात कीटकनाशकाच्या बाटल्या भराभर खपतात. घेणाऱ्यांत आपल्या घरच्या बायकाही असतात. पर्युषणात हिरवी भाजी सोडणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या. हे मला अजिबात पटत नाही.

सामायिक घेताना आपण इरियावही म्हणतो. त्यात मुंग्यांची वारुळं, शेवाळ, ओली माती यांच्या बरोबरीने कोळ्याची जाळीही नाव घेऊन सांगितली आहे. चालताना ती तुडवली गेली तरी मिच्छामि दुक्कडं. मग मुहपत्ती घडी करून ठेवली की त्याच हाताने फवारा कसा मारायचा?

"कोळी काय, पळून जातो," असं एक काकी म्हणतात. मोठा पळतो हो. अंड्यांची पांढरी थैली कुठे पळणार? आणि उडी मारणारे बारके कोळी शिकारीसाठी जाळं विणतच नाहीत. ते दाराच्या फटीत, वाळल्या पानाआड इवल्याशा रेशमी पिशवीत बसतात. जाळं नाही म्हणून जीव नाही, असं समजून आपण औषध मारतो.

असाच एक काही मिलिमीटरचा कोळी मुंबई-ठाणे परिसरात सापडला. २०२१ साली त्याला आयसियस तुकारामी हे नाव मिळालं, कसाबला धरून ठेवणाऱ्या शहीद तुकाराम ओंबळे यांच्यावरून. एवढ्या गर्दीच्या भागात तोवर तो बिननावाचा राहत होता! २०१४ पर्यंत आपणही ठाणे जिल्ह्यातच होतो. मग जव्हार-मोखाड्याच्या या डोंगरात, आपल्या कौलांखाली कोण कोण असेल?

नाव देण्यासाठी संशोधक नमुना अल्कोहोलात ठेवतात, हेही मला रुचत नाही. पण ते मोजके घेतात, भिंग लावून पाहतात. आपण न बघताच घरभर मारतो.

शास्त्रात कोळी चौरिंद्रिय, म्हणजे त्याला डोळे आहेत. उडी मारणाऱ्या कोळ्याला तर आठ. जवळ गेलात तर तो वळून तुमच्याकडे बघतो. तो स्वतः माश्या खातो, हिंसक आहे, हा युक्तिवाद मला सांगू नका. जयणा आपण पाळायची असते, त्याने नव्हे.

आधी दिव्याच्या उजेडात कोपरा नीट बघा. रिकामं जाळं मऊ पुंजणीने काढा. कोळी असेल तर वाटी आणि पुठ्ठ्याने उचलून आडोशाला सोडा. थैली दिसली तर तो कोपरा राहू द्या. आमच्या ओटीवरचा एक कोपरा यंदा तसाच राहणार आहे. ज्या पाहुण्यांना तो घाण वाटेल त्यांनी चहा आत येऊन घ्यावा.