वाणातली फांदी

२०१६चा उन्हाळा आठवतो ना? एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, ती आमच्या येडशीवरूनच गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी! इकडे आम्ही बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसलेल्या. अशा दिवसांत कुंड्यांना पाणी कोण घालणार? माझा मोगरा गेला, दोन्ही गुलाब गेले.

मागच्या गल्लीतल्या अक्कांच्या ओट्यावर मात्र फुटक्या डब्यातून 'ऑफिस टाइम' खाली लोंबत होतं, फुलांनी भरलेलं. कुणी त्याला चिनी गुलाब म्हणतं. ऊन चढलं की उघडतं, दुपार कलली की मिटतं. आभाळ आलं तर उघडायचं नावच नाही. हे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पण आपल्या रानातल्या घोळीच्या भाजीच्याच कुळातलं. पानं तशीच जाडसर, पाणी साठवून ठेवणारी. अक्का तीन-चार दिवसांनी तांदूळ धुतलेलं वाटीभर पाणी घालायच्या, बास.

"न्या की चार फांद्या," त्या म्हणाल्या. अगदी सोपं आहे बघा. चार बोटं लांबीची फांदी खुडायची, खालची पानं काढायची आणि दिवसभर सावलीत ठेवून तुटलेली जागा सुकू द्यायची. मी घाईघाईनं तशीच काळ्या मातीत खोचली, वर तांब्याभर पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी सगळी सडली! आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून निम्मी वाळू मिसळायची, डब्याला भोकं पाडायची. माती सुकल्याशिवाय पाणी नाही. पंधरा-वीस दिवसांत नवी पालवी दिसते. पुढे फांद्या लांबट, उघड्या पडल्या की निम्म्या छाटायच्या आणि त्याच पुन्हा लावायच्या. एकेरी फुलाचं बी आपोआप पडून उगवतं. भरगच्च फुलाला बी फारसं धरत नाही, तिथं फांदीच हवी. ऊन मात्र भरपूर लागतं. थंडीत रोप जरा रुसतं, म्हणून संक्रांतीसाठी फांद्या दिवाळीआधीच लावलेल्या बऱ्या.

तर २०१७च्या संक्रांतीला प्लॅस्टिकच्या डब्या वाटण्याऐवजी मी हीच रोपं वाण म्हणून द्यायचं ठरवलं. "वाण कुठं मातीचं असतंय व्हय?" म्हणून जाऊबाई हसल्या. ते चाललं. पण मी अक्कांना बोलावलं आणि घरातली हवाच बदलली. अक्कांचे यजमान जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

अहो, जिच्या डब्यातून ही सगळी रोपं आली, तिनंच तेवढं वाण घ्यायचं नाही? हा कुठला न्याय? टँकरच्या रांगेत शेजारी उभी राहिलेली बाई संक्रांतीला अचानक परकी कशी होते, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पाठोपाठ शासनाचं परिपत्रकही निघालं. चांगलंच झालं. पण मैत्रिणींनो, हळदीकुंकवाची यादी काही ग्रामपंचायत करत नाही, ती आपणच स्वयंपाकघरात बसून करतो. "लोक काय म्हणतील" म्हणताना ते लोक म्हणजे बहुतेक वेळा आपणच असतो, हे मला तरी पटलंय.

अक्का आल्या, पण उंबऱ्याबाहेरच थांबल्या. हाताला धरून आत घेतलं. दोघीजणी उठून गेल्या. त्यातली एक पुढच्या वर्षी आली, रोप न्यायला म्हणून का होईना! दुसरी अजूनही येत नाही. आमचं बोलणं आहे, पण त्या विषयावर नाही.

अक्कांच्या ओट्यावर आता गुलाबी, पिवळा, केशरी असे तीन डबे आहेत. पांढरं भरगच्च तेवढं त्यांच्याकडे नाही. मी शोधतेय.