फडावरचे आरोग्य आणि आपली जबाबदारी



या अंकासाठी खोडव्यातील पाचट व्यवस्थापनावर लिहायचे ठरले होते. पण गेल्या हंगामात भीमाकाठच्या एका फडावर जे पाहिले ते मनातून जाईना, म्हणून विषय बदलतो. मी काही डॉक्टर नव्हे. शेतीची पदविका घेतलेला, ऊस खात्यातला माणूस. चूकभूल पदरात घ्यावी.

दौंड तालुक्यातल्या एका गावी तोडणी पाहायला गेलो होतो. बांधावर उपकेंद्राच्या नर्सबाई लसीची पेटी घेऊन बसल्या होत्या. टोळीतली एक बाई तापाने फणफणलेली, तरी मोळ्या बांधत होती. मी म्हटलं, "अहो, हिला घरी का बसवत नाही?" नर्सबाई म्हणाल्या, "साहेब, बसली तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. आणि ऊस वाळतोय म्हणून तुमचाच माणूस मुकादमाला सकाळपासून तीनदा सांगून गेला." मी गप्प झालो. कारण तो निरोप मीच पाठवला होता.

बाईंच्या पिशवीत कार्डांच्या गठ्ठ्याखाली एक पुस्तक दिसले. डॉ. अनिल अवचट यांचे 'माणसं'. अवचट आपल्याच जिल्ह्यातले, ओतूरचे. शिकले डॉक्टरकी, पण हयातभर कष्टकऱ्यांमध्ये हिंडून लिहीत राहिले. २०२२ साली ते गेले. मी विचारले, "एवढ्या कामात वाचता कधी?" त्या म्हणाल्या, "एसटीत. हे वाचल्यापासून मी पेशंटला आधी 'काय होतंय' असं विचारत नाही. 'काय काम करता, पाणी कुठलं पिता' ते विचारते. निम्मा आजार तिथंच कळतो."

मी ते पुस्तक मागून घेतले आणि वाचले. मग डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' वाचले. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाने ते वाचावे, कारण हल्ली आपण बांधावर चालत कमी आणि मोटारसायकलवर जास्त जातो.

सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय, हे आपल्याला काणी रोगावरून चटकन समजेल. एकाने काणीचा पट्टा पोत्यात झाकून काढला, जाळला. शेजाऱ्याने तसाच ठेवला. वारा काय बांध पाहून वाहतो? माणसाच्या रोगाचेही तेच. टोळीतल्या पोराला गोवर झाला तर तो कोपीत थांबत नाही, गावच्या अंगणवाडीत पोचतो.

आणि ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. शिरूर तालुक्यातील वढू येथे डॉ. बानू कोयाजी यांनी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातर्फे १९७०च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्य घरोघर न्यायचे, ही त्यांची रीत. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे बालकांच्या जुलाबावरील रोटाव्हॅक लसीची मोठी चाचणी देशात ज्या तीन ठिकाणी झाली, त्यांत एक वढू होते. २०१६पासून ती लस सरकारी लसीकरणात आली. म्हणजे देशभरच्या लेकरांना जे संरक्षण मिळते, त्यात शिरूरच्या आयांचा वाटा आहे! शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०पासून हेच दाखवले. निरक्षर बायासुद्धा गावाचे आरोग्य सांभाळू शकतात.

मग एवढा वारसा असताना आपल्याच फडावरची बाई त्यातून का सुटते? कारण ती इथल्या यादीत नसते. तिचे कार्ड गावी राहते, टोळी आठ दिवसांनी दुसऱ्या शिवारात जाते. परिणाम काय होतो पाहा. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहात एक! या आयाबहिणी आपलाच ऊस तोडतात.

काही सभासद म्हणतील, "उचल दिली, वाहतूक दिली, आता दवाखानाही आम्हीच पाहायचा का?" प्रश्न रास्त आहे. पण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई पडली की कोयता अर्धा होतो, तोड लांबते, ऊस वाळतो आणि वजन घटते. नुसता हिशेब धरला तरी तोटा आपलाच. आणि हिशेबापलीकडे माणुसकी आहेच.

माझ्या मते खर्च फारसा नाही. चार गोष्टी करू या.

एक, टोळी उतरेल त्या दिवशी आशाताईंना किंवा नर्सबाईंना निरोप द्यावा. गरोदर बाया किती, पाच वर्षांच्या आतली पोरे किती, एवढे सांगावे. लस कुठेही फुकट मिळते, गाव कोणते ते आडवे येत नाही.

दोन, पिण्याच्या पाण्याची सोय करावी. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे टोळीला पाण्यासाठी मुळीच देऊ नयेत. ते भोके पाडून निकामी करावेत.

तीन, आडोशाची न्हाणी आणि संडास. चार पत्रे आणि एक खड्डा, एवढ्यावर भागते.

चार, आजारपणाचा खाडा कापू नये. हा विषय येत्या वार्षिक सभेत सभासदांनी स्वतः मांडावा. ऊस खात्यातर्फे मी माझ्यापुरते ठरवले आहे. यापुढे तोडणीच्या नोंदीबरोबर टोळीतल्या गरोदर बाया आणि लहान पोरे यांचीही नोंद माझ्या वहीत राहील आणि ती उपकेंद्राला जाईल.

बेणे निरोगी तर फड निरोगी, हे मी तुम्हाला वीस वर्षे सांगत आलो. फड तोडणारा हातही निरोगी हवा, हे सांगायला मात्र मला एका नर्सबाईंची गाठ पडावी लागली. खोडव्याचा लेख पुढच्या अंकी नक्की.

आपला,
ऊस विकास अधिकारी