मरणाची गोष्ट, माणूस असतानाच

बोरीवली पश्चिमेला एक्सर गावात शिलाहारकालीन वीरगळ आहेत. ते खालून वर वाचायचे. खाली वल्ह्यांच्या नौका आणि समुद्रातली लढाई. वर स्वर्गाच्या वाटेवरचा वीर, सोबत अप्सरा, आणि शेवटी शिवपूजा. आपल्या माणसाचे मरण येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावे म्हणून कुणीतरी ते दगडात कोरून घेतले. त्याच बोरीवलीत आज आपल्या घरी दादीचा रिपोर्ट दादीलाच दाखवत नाहीत. "अल्लाह शिफा देईल, तू गप्प बस," एवढ्यावर विषय संपतो.

खरे तर मरणाबद्दल बोलण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मोहरममध्ये कर्बलाची कथा मर्सियातून सांगितली जाते. दक्षिण महाराष्ट्रातल्या अनेक गावांत ती गाण्यांतून येते आणि हिंदू शेजारीही त्यात सूर मिसळतात. तहानेने तळमळणाऱ्या अली असगरसाठी रडताना एखादी आई स्वतःच्या गेलेल्या बाळासाठीही रडून घेते. तिला कुणी कारण विचारत नाही. कला हेच करते: जे आपल्या नावाने बोलवत नाही, ते दुसऱ्याच्या नावाने बोलू देते.

पण हे सारे बोलणे गेलेल्या माणसाबद्दल असते. जो जाणार आहे, त्याला कुणी विचारत नाही. मग आयसीयूच्या दारात भावंडे भांडतात. कर्ज कुणाचे, दागिने कुणाचे, व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे ज्याने ठरवायचे तो बोलू शकत नसतो.

हमीद दलवाई ३ मे १९७७ रोजी गेले. कोणताही धार्मिक विधी न करता आपले दहन व्हावे, ही त्यांची इच्छा होती. ती पटो वा न पटो. पण त्यांना काय हवे होते, याबद्दल मागे संशय राहिला नाही, कारण त्यांनी ते आधीच सांगितले होते.

इस्लाममध्ये वसीयतीला महत्त्व आहे, आणि वारसांच्या वाटणीआधी कर्ज फेडावे लागते. देशाच्या कायद्यानेही वाट दिली आहे. बरे होण्याची आशा उरली नाही, तर केवळ जीव लांबवणारे उपचार नकोत, असे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

कागद मात्र नंतरचा. आधी बोलणे हवे, आणि त्याची सुरुवात रिपोर्टपासून करू नका. येत्या शब-ए-बरातला कब्रस्तानातून घरी आलात की दादीजवळ बसा. दादा कसे गेले, तेव्हा घरात कोण होते, कोण काय म्हणाले, ते विचारा. कब्रस्तानात आपल्या अनेक घरांतल्या बायका जात नाहीत. त्यांच्याकडे या आठवणी साठलेल्या असतात. दादी सांगू लागली की मध्ये बोलू नका. सांगून झाल्यावर हळूच विचारा, "आणि तुला काय हवंय, दादी?"