सांता मोनिका : भिंतीआडच्या स्त्रियांचा इतिहास कोणी सांगायचा?

अमरावती-अकोल्याच्या बोलीत 'कॉन्व्हेंट' म्हणजे केजी वन आणि केजी टू. संतांच्या, देवादिकांच्या, क्वचित एखाद्या पुढाऱ्याच्या आईच्या नावाचे कॉन्व्हेंट वऱ्हाडात दर दुसऱ्या चौकात आढळते आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एकत्र येणे, एकत्र राहणे असा आहे. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून वेगळा झाला. या भागाने धर्मभगिनी पाहिल्या त्या प्रामुख्याने शाळेत आणि दवाखान्यात राबणाऱ्या. एकदा आत गेल्यावर मरेपर्यंत दाराबाहेर पाऊल न टाकणारी धर्मभगिनी ही कल्पना इथे परकीच राहिली. ती समजून घेण्यासाठी जुन्या गोव्याच्या टेकडीवर जावे लागते.

या टेकडीवर पर्यटक जातात ते सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्यासाठी. सुमारे ४६ मीटर उंचीचा हा मनोरा मूळचा पुरुषांच्या मठाचा. त्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, जांभ्या दगडाची तीन मजली प्रचंड चौकोनी इमारत उभी आहे. भिंतींना बाहेरून भक्कम धिरे दिले आहेत. मधोमध मोकळा चौक आहे. हा सांता मोनिकेचा मठ. आर्चबिशप आलेशू द मेनेझिश यांनी १६०६ साली त्याची स्थापना केली आणि १६२७ च्या सुमारास बांधकाम पुरे झाले. मोनिका ही संत ऑगस्टिनची आई, म्हणून मुलाच्या नावाच्या मठासमोर आईच्या नावाचा मठ.

मार्गदर्शक पुस्तके त्याला 'पूर्वेकडील पहिला स्त्री-मठ' म्हणतात. 'कॅथलिक' हा शब्द जोडल्याशिवाय हे विधान टिकत नाही. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत भिक्षुणींची नावे आहेत. आणि वऱ्हाडाला तर दूर जाण्याचीही गरज नाही. चक्रधरांच्या शिष्यपरिवारात स्त्रिया संन्यास घेत होत्या, रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात वावरत होत्या, प्रश्न विचारत होत्या. हे तेराव्या शतकातले, म्हणजे सांता मोनिकेच्या तीन शतके आधीचे. तुलना अभिमानासाठी नाही, फरक कळावा म्हणून आहे. महानुभाव संन्यासिनीचा धर्म अटनाचा होता. एका गावी मुक्काम वाढवू नये, भिक्षा मागावी, झाडाखाली राहावे. सांता मोनिकेचा धर्म नेमका उलटा होता. तिथे भिंत हाच आचार.

त्या भिंतीआड दिवसाची विभागणी प्रार्थनेच्या घटकांनी होत असे. रात्रीच्या अंधारात पहिली प्रार्थना, पहाटे दुसरी, मग दिवसभर ठरावीक अंतराने लहान प्रार्थना, सूर्यास्ताला सायंप्रार्थना, निजण्यापूर्वी शेवटची. सगळे लॅटिनमध्ये, समूहाने गायलेले. मिस्सा सांगायला पुरुष धर्मगुरू लागतच, पण धर्मभगिनी आणि चर्चमधील लोक यांच्यामध्ये जाळी असे. जेवताना बोलायचे नाही, एकीने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. संत ऑगस्टिनच्या नावाने चालणारी नियमावली लहानशीच आहे. ती आठवड्यातून एकदा सर्वांसमोर वाचली जावी, असे त्या नियमावलीतच सांगितले आहे. तिचा पहिला आग्रह असा की कोणाचे काही स्वतःचे नसावे, सर्व सामाईक असावे.

गोव्यातल्या मठाची अडचण इथूनच सुरू होते. आत 'आमचे' आणि 'तुमचे' संपले नव्हते. काळे शिरोवस्त्र घेणाऱ्या धर्मभगिनी सामूहिक प्रार्थना गात, मठाच्या कारभारात त्यांचा शब्द चाले, आणि त्या बहुतांशी पोर्तुगीज वंशाच्या, हुंडा घेऊन आलेल्या घरंदाज मुली असत. पांढरे शिरोवस्त्र घेणाऱ्यांच्या वाट्याला घरकाम येई. त्यांच्याही खाली नोकराणी आणि गुलाम स्त्रिया होत्या. सामाईक जीवनाची नियमावली ऐकून झाल्यावर स्वयंपाकघरात कोण जात असे, हे वेगळे सांगायला नको.

तरीही या मठाला केवळ तुरुंग म्हणून मोकळे होणे हा आळस आहे. मठाच्या पहिल्या प्रमुख फिलिपा फेरैरा या विधवा होत्या आणि त्यांची मुलगीही त्यांच्यासोबत मठात आली. सतराव्या शतकातल्या गोव्यात विधवेपुढे पर्याय किती होते? पुनर्विवाह, नातलगांचा आश्रय, किंवा हा मठ, जिथे बाई लिहू-वाचू शकत होती, हिशेब तपासू शकत होती, निवडून प्रमुख होऊ शकत होती. मठाचा हुंडा लग्नाच्या हुंड्यापेक्षा परवडणारा असे, त्यामुळे अनेक बापांनी मुलींना आत लोटले, हेही तितकेच खरे. कोण मनाने आली आणि कोण लोटली गेली, हे आज वेगळे काढता येत नाही. दोघींचे शिरोवस्त्र एकच होते.

शहराच्या कारभाऱ्यांचा मात्र या मठावर राग होता. नगरसभेने लिस्बनकडे तक्रारी केल्या : मठ जमिनी आणि पैसा गिळतो आहे, लग्नाच्या मुली आत जाऊन बसतात, मग साम्राज्याला शिपाई कोण देणार? धर्मभगिनींच्या संख्येवर शंभराची मर्यादा घालण्यात आली. या तक्रारीत पैशाचा भाग होताच, पण मुलींच्या गर्भाशयांवर आपला हक्क आहे, हे गृहीतकही त्यात उघडपणे आहे. वाद चालू असतानाच १६३६ साली मठातील क्रुसावरच्या ख्रिस्तमूर्तीने डोळे उघडले, जखमांतून रक्त वाहिले, अशी वार्ता शहरभर पसरली. तो क्रूस आजही श्रद्धेने पाहिला जातो. श्रद्धेला खोटे ठरवण्याचे इतिहासाला कारण नाही. पण त्या घटनेने मठाच्या बाजूला मोठे बळ मिळाले, ही नोंद इतिहासाने केलीच पाहिजे.

मराठी वाचकाला याच शतकातले जुने गोवे ठाऊक असते ते १६८३ मुळे. संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेट घेतले, व्हाइसरॉयने घाबरून आपला राजदंड झेवियरच्या शवपेटीत ठेवला, ही कथा सर्वांना पाठ असते. त्याच शहरात, त्याच दिवशी, दार उघडून पळण्याची मुभा नसलेल्या स्त्रियांचा एक मोठा समूह होता. लढाईच्या नकाशावर त्यांची खूण नसते.

मठाचा शेवट तोफेने झाला नाही. पोर्तुगालमध्ये उदारमतवादी सत्तेवर आले आणि १८३४ च्या फर्मानाने पुरुषांचे धार्मिक संघ बरखास्त झाले. पुढच्या वर्षी गोव्यातले साधू बाहेर काढले गेले. समोरच्या ऑगस्टिन मठाचे छत १८४२ साली कोसळले आणि तिथली घंटा पुढे आग्वाद किल्ल्यावरून पणजीच्या चर्चमध्ये गेली. स्त्रियांना मात्र हाकलले नाही. फक्त नव्या मुलीला आत घेण्यास बंदी झाली. वरकरणी हा दयाळूपणा वाटतो. प्रत्यक्षात तीन मजली इमारत पन्नास वर्षे म्हातारी होत गेली. प्रार्थना गाणारे आवाज एकेक करून कमी झाले, राजधानीही पणजीला गेली, आणि शेवटची धर्मभगिनी १८८५ साली वारली तेव्हा मठ बंद झाला. १९६४ पासून तिथे धर्मभगिनींच्या अभ्यासाची संस्था आहे, ख्रिस्ती कलेचे संग्रहालयही त्याच आवारात आहे.

मठाचा जुना इतिहास १६९९ साली लिस्बनमध्ये छापला गेला. लेखक पुरुष, ऑगस्टिनियन, आणि हेतू पुण्यवती धर्मभगिनींचे गुणगान. म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी गावोगाव फिरून आठवणी गोळा केल्या, त्यात महदाइसेचे हट्ट आणि शंकाही आल्या. सांता मोनिकेतल्या पांढऱ्या शिरोवस्त्राच्या बायकांना असा म्हाइंभट मिळाला नाही.

रस्त्यापलीकडच्या अवशेषांत पुरातत्त्व खात्याला २००५ साली एक हाड सापडले. ते १६२४ साली शिराझमध्ये मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केटेवानचे असल्याचे हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून सांगितले गेले आणि २०२१ मध्ये त्या अवशेषांचा भाग जॉर्जियाला सन्मानाने देण्यात आला. राणीसाठी एवढे कष्ट घेतले गेले, ते योग्यच झाले. सांता मोनिकेच्या स्वयंपाकघरातल्या गुलाम स्त्रीसाठी डीएनए लागणार नाही. मठाचे हिशेब, हुंड्याचे करार, नगरसभेची तक्रारपत्रे, एवढे वाचणारा कोणीतरी पोर्तुगीज शिकलेला मराठी विद्यार्थी लागेल. वऱ्हाडातून तो निघाला तर आईबापांना सांगावे लागेल की पोरगा कॉन्व्हेंटवर संशोधन करतो, आणि घरच्यांना वाटेल की शाळा काढतो आहे.