एकचाकीची ठकठक

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका चाकानें चांगलाच कलह माजविला होता. चाक आमच्या पुतण्याचें. विजेवर चालणारें असलें एकचाकी वाहन वाचकांपैकीं पुष्कळांनीं प्रत्यक्ष नाहीं तरी निदान चित्रांत पाहिलें असेल. बसावयास आसन नाहीं, धरावयास मूठ नाहीं. चाकाच्या दोन्ही अंगांस पावलाएवढीं दोन पेडलें, त्यांवर उभें राहावयाचें आणि किंचित् पुढें झुकलें कीं स्वारी निघाली! अमेरिकेंतील शेन चेन या संशोधकानें २०११ च्या सुमारास 'सोलोव्हील' या नांवानें अशी एकचाकी विक्रीस आणिली. पुढें चिनी कारखानदारांनीं तिचे नाना प्रकार केले, आणि त्यांतलाच एक, सोळा इंची चाकाचा, आमच्या अंगणांत येऊन दाखल झाला.

ही एकचाकी तीन आठवड्यांपासून ठकठक करूं लागली होती. पुतण्यानें तें कोणास सांगितलें नाहीं. कानांत गाणीं ऐकण्याच्या गुंड्या घालून त्यानें आवाजाचा परस्पर बंदोबस्त केला होता! एके दिवशीं तो फाटकाशीं उतरत असतां आमच्या वहिनींनीं तो आवाज ऐकला आणि 'आजच्या आज हें विकून टाक' असा हुकूम सोडला. दुरुस्तीच्या दुकानांतील कारागिरानें दोन मिनिटें चाक चालवून पाहिलें आणि 'मोटार गेली, नवी टाकावी लागेल' असा निकाल दिला. त्यानें सांगितलेली रक्कम मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक होती. पुतण्या आमच्याकडे आला तो दुरुस्तीसाठीं नव्हेच. "काका, तुम्ही सांगितलंत तर आई ऐकेल," एवढाच त्याचा अर्ज होता. आम्ही म्हणालों, "अरे, सांगूं काय तें मागून पाहूं. आधीं आवाज तर ऐकूं दे."

वहिनींची भीति अनाठायीं नव्हती, हें येथें सांगितलें पाहिजे. सायकलची साखळी तुटली तर स्वार पाय टेकून उतरतो. एकचाकीचें तसें नाहीं. तिच्या पोटांत कल आणि गतींतील फरक ओळखणारीं सूक्ष्म उपकरणें असतात. स्वार पुढें कलला कीं मोटार चाकास त्याच्या तोलाखालीं नेण्यासाठीं पुढें पळविते. मागें कलला कीं तीच मोटार चाकास आवरते. म्हणजे स्वार क्षणोक्षणीं पडत असतो आणि मोटार त्यास क्षणोक्षणीं सांवरीत असते. (डाव्या-उजव्या अंगाचा तोल मात्र ज्याचा त्यानें सांभाळावयाचा.) ऐन वेगांत मोटारीनें, किंवा ज्या बांधणीनें ती पेडलांशीं जखडलेली असते तिनें दगा दिला, तर स्वार सरळ तोंडावर पडतो, पाय काढून घेण्याइतकाही अवधि मिळत नाहीं. अशा यंत्रांतून ठोका ऐकूं येत असतां कानांत गुंड्या घालणें यास काय म्हणावें? पुतण्यास आम्हीं जें म्हटलें तें येथें छापण्याजोगें नाहीं.

या यंत्राची रचना मोठी साधी आहे. साखळी नाहीं, पट्टा नाहीं, दांत्यांचीं चक्रें नाहींत. चाक हीच मोटार. मधला आंस स्थिर असून त्यावर तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असतात. भोंवतीं लोहचुंबक बसविलेलें कवच फिरतें आणि त्या कवचावरच टायर चढविलेला असतो. आंस व कवच यांच्यामध्यें दोन बाजूंस दोन बेअरिंग. आंसाचीं दोन्ही टोंकें धातूच्या दोन दणकट भुजांत बोल्टांनीं आवळलेलीं असतात आणि त्या भुजांसच पेडलें जोडलेलीं असतात. बाहेरच्या टरफलांत बॅटरी व नियंत्रणाचें सर्किट. एवढाच काय तो संसार. ठोक्यास दडून बसावयास जागा थोड्या.

आमचा नियम असा कीं, ठोका केव्हां येतो हें समजल्यावांचून एकही स्क्रू फिरवावयाचा नाहीं. प्रथम तो चाकाच्या फेऱ्याबरोबर येतो काय, हें पाहावयाचें होतें. टायरवर खडूची एक रेघ ओढली, यंत्राची कळ बंद केली आणि पुतण्यास तें हातानें ढकलीत अंगणांतून चालावयास लाविलें. सोळा इंची चाकाचा परीघ सुमारें १.२८ मीटर, ताशीं ५ किलोमीटर या चालण्याच्या गतीनें मिनिटास ६५ फेरे होतात. एवढे फेरे कानास मोजतां येतात. ताशीं २० किलोमीटरला तेच २६० होतात, मग मोजणी कसली! दुकानांतील कारागीर फसला तो बहुधा येथेंच.

खडूची रेघ खालीं आली कीं एक बारीक 'टक्' ऐकूं येई. दर फेऱ्यास एक, चुकूनही दोन नाहींत. टायरच्या खांचेंत हरभऱ्याएवढा खडा रुतला होता. कंपासच्या टोंकानें तो उकरून काढला आणि आम्ही विजयी मुद्रेनें तो वहिनींच्या हातावर ठेविला. दुसरे दिवशीं सकाळीं पुतण्या फाटकाशीं उतरला आणि पुन्हां तोच ठोका! खडा खरा होता, त्याचा आवाजही खरा होता. परंतु ज्या आवाजाचा शोध चालला होता तो हा नव्हेच. एक कारण सांपडलें कीं तेंच एकमेव कारण, असें धरून चालणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण आम्हीं आयुष्यभर कापले, आणि येथें स्वतःच तें केलें.

आतां आमचा संशय बेअरिंगवर गेला. बेअरिंगच्या कड्यास खवला पडला असेल तर त्यावरून प्रत्येक गोळी जातांना आवाज होतो. परंतु गोळ्या आंसाभोंवतीं चाकाच्या बरोबरीनें फिरत नाहींत, मागें रेंगाळतात. बाहेरच्या कड्यास खवला असेल तर एका फेऱ्यांत गोळ्यांच्या संख्येच्या सुमारें चार दशांश इतके ठोके पडतात. आठ गोळ्या असल्यास तीन आणि वर कांहीं अपूर्णांक. म्हणून असला आवाज खडूच्या रेघेशीं जमत नाहीं, दर फेऱ्यास पुढें-मागें सरकत राहतो. शिवाय वेग वाढला कीं त्याची घरघर होते. पुतण्यास विचारतां तो म्हणाला, "नाही काका, वेगांत तर आवाज अगदी नसतोच. निघतांना एक आणि थांबतांना एक." हें त्यानें पहिल्याच दिवशीं सांगितलें असतें तर! पण आम्हीं तरी त्यास पहिल्या दिवशीं कोठें विचारलें होतें?

निघतांना एक, थांबतांना एक. निघतांना मोटार चाकास पुढें लोटते, थांबतांना मागें खेंचते; म्हणजे जोराची दिशा उलटली कीं ठोका पडतो. सैल सांध्याची खूण ती हीच. पुतण्यास भिंतीस हात टेकून एकचाकीवर उभें केलें आणि चार बोटांएवढें पुढें-मागें झुलावयास सांगितलें. प्रत्येक उलट्यास एक ठोका! चाकाचा फेरा तर पुरा होतच नव्हता, तेव्हां टायर व बेअरिंग दोन्ही सुटले. नंतर कळ बंद करून यंत्र उचलून हालविलें. आंत कांहीं आपटलें नाहीं, तेव्हां बॅटरीही सुटली. राहिली मोटार आणि राहिला सांधा.

न्यायशास्त्रांत कारणाची परीक्षा अन्वय आणि व्यतिरेक यांनीं करितात. एक असतां दुसरें असणें हा अन्वय, एक नसतां दुसरें नसणें हा व्यतिरेक. केवळ सोबत हजर असणाऱ्यास कारण म्हणावयाचें नाहीं. नाहीं तर कुंभाराचें गाढव हेंही घटाचें कारण ठरावयाचें! मोटार सुरू असतां ठोका येतो, एवढें दुकानांतील कारागिरानें पाहिलें. मोटार बंद असतां तो येतो कीं नाहीं, हें त्यानें पाहिलेंच नाहीं. आम्हीं कळ बंद ठेवून यंत्र उभें धरिलें आणि उजव्या पेडलावर पाय देऊन दाबलें, सोडलें. कांहीं नाहीं. डाव्यावर दाबतांच 'ठक्'! स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक डाव्या भुजेच्या मुळाशीं टेकवून मूठ कानामागच्या हाडास लाविली, तेव्हां तो ठोका डोक्यांतच पडल्यासारखा वाटला. पेडलाच्या बिजागरीवर टेकविलें तर अगदीं क्षीण. मोटार बिचारी गाढव ठरली.

मग हत्यारें काढिलीं. हें काम करणारांनीं एक पथ्य पाळावें. टरफल काढतांच प्रथम बॅटरीची जोडणी सोडवून तिचें टोंक चिकटपट्टीनें झांकावें. या यंत्रांत वीस सेलांची माळ असून ती पूर्ण भरली असतां दाब ८४ व्होल्ट असतो; कळ बंद केल्यानें ती वीज नाहींशी होत नाहीं. आंसाच्या पोकळींतून मोटारीच्या तारा बाहेर येतात, त्याही चिमटूं देऊं नयेत.

डाव्या भुजेस चार बोल्ट होते. पैकीं दोन इतके ढिले कीं षट्कोनी चावी दोन बोटांत धरून फिरली. सांध्यावर काळसर भुकटी जमली होती. दोन धातू एकमेकांवर घासत असल्याचा तो पुरावा. आंसाच्या चपट्या बाजू मात्र शाबूत होत्या, हें पाहून आमचा जीव खालीं पडला. त्या झिजल्या असत्या तर आंस व भुजा दोन्ही बदलावीं लागलीं असतीं आणि दुकानदाराची रक्कम फारशी खोटी ठरली नसती. बोल्ट ढिले कशानें झाले, असें विचारतां पुतण्यानें खालीं पाहून कबूल केलें कीं, पायऱ्यांवरून उड्या मारीत उतरण्याचा अभ्यास महिनाभर चालला होता.

बोल्ट आवळणें ही शक्तीची गोष्ट नव्हे. बोल्ट पोलादी, भुजेंतील आटे अॅल्युमिनियमचे. पैलवानी केली तर आटे मरतात. ढिले झालेले दोन बोल्ट नवे घेतले. सांधा व आटे तेल-भुकटीपासून स्वच्छ पुसले, आट्यांस निळें थ्रेड-लॉकर लाविलें. लाल लावूं नये, तें पुढें उष्णता दिल्यावांचून सुटत नाहीं. ओळखीच्या मेस्त्रीकडून जोर मोजणारा पाना आणिला आणि कारखान्याच्या पुस्तिकेंत दिलेल्या आंकड्यापर्यंत, एकदम नव्हे, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनें थोडथोडे आवळले. उजव्या भुजेचेही तसेच केले, जरी ते घट्ट होते. शेवटीं प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून भुजेवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. बोल्ट तिळभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. थ्रेड-लॉकर वाळावयास एक पूर्ण दिवस यंत्र तसेंच ठेविलें, आणि तो दिवस पुतण्यानें कसा काढला तें त्याचें त्यास ठाऊक.

चौथ्या दिवशीं भिंतीशीं झुलण्याची परीक्षा पुन्हां झाली. ठोका नाहीं. वहिनी पायरीवर बसून ऐकत होत्या. त्यांनीं एकचाकी ठेवण्यास संमति दिली ती तीन अटींवर: डोक्यास हेल्मेट, मनगटांस पट्टे, आणि कान मोकळे. पायऱ्यांची गोष्ट त्यांस आम्हीं सांगितली नाहीं. ती सांगण्याचें काम पुतण्याकडेच ठेविलें आहे, आणि त्यानें तें अद्याप केलेलें नाहीं. दर रविवारीं तो टरफल काढून रेघा पाहतो व आम्हांस दाखवितो. तीन रविवार झाले, आठही रेघा अखंड आहेत. डाव्या पेडलाची बिजागरी मात्र थोडी कुरकुरते. तिचा पिन येत्या रविवारीं काढावयाचा आहे.