सळईमागची खाण



जालना हे लोखंडी सळईचे गाव. भंगार वितळविणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांच्यावर आपल्या कितीतरी घरांची चूल पेटते. परंतु नुसते भंगार वितळवून चांगली सळई होत नाही. भट्टीत सिलिको-मँगनीज टाकावे लागते. त्यामुळे वितळलेल्या लोखंडातील नको असलेला प्राणवायू निघून जातो, गंधकाचा दोष कमी होतो आणि सळईला मजबुती येते. हे मँगनीज जमिनीच्या पोटातून येते. आपल्या जिल्ह्यात त्याची खाण नाही, म्हणून ते काढणारा कामगार आपल्याला दिसत नाही. आज त्याच्याविषयी.

नागपूर, भंडारा आणि शेजारचा मध्य प्रदेशातील बालाघाट हा मँगनीजचा पट्टा. १८९६ साली एका इंग्रज सिंडिकेटने येथे पाय रोवले. १९६२ साली त्या खाणी 'मँगनीज ओअर इंडिया' म्हणजे मॉइल या कंपनीकडे आल्या. तिची मुख्य कचेरी नागपूरला आहे. रामटेक तालुक्यात कांद्री व मनसर, सावनेरकडे गुमगाव, तुमसर तालुक्यात चिखला येथे भूमिगत खाणी आहेत. बालाघाटची भरवेली खाण तर चारशे मीटरहून खोल गेली. आपल्याकडची साठ फुटी विहीर डोळ्यापुढे आणा. तशा वीस-बावीस विहिरी एकाखाली एक ठेवल्या तर तेवढी खोली होईल.

कामगार पिंजऱ्यात बसून खाली उतरतो. खडकाला भोके पाडून सुरुंग लावतात, फुटलेला माल वर पाठवतात आणि रिकामी झालेली जागा खचू नये म्हणून पाण्याबरोबर वाळू सोडून भरून काढतात. पंखे हवा पुरवतात, पंप पाणी उपसतात. यातले एक जरी बंद पडले तरी जिवाशी गाठ. दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे अंगात गेली तर हातपाय कापू लागतात, चाल बिघडते.

दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागला, तेव्हा स्त्रियांना खाणीत उतरविण्यावरची बंदी १९४३ साली उठविली गेली. मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. टीका झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये कायदेमंडळात त्यांनी सांगितले की ही सोय तात्पुरती आहे, आणि खाली काम करणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. त्याआधी डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणीत ते स्वतः उतरले होते. कामगारांची घरे आणि मुले त्यांनी पाहिली. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. १९४६ साली स्त्रियांवरची बंदी पुन्हा लागू झाली.

पुढे १९५२ च्या खाण कायद्याने भूमिगत कामाचे दिवसाला ८ तास ठरविले. त्यात आणखी एक कलम होते, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. खाली या घटकेला कोण कोण आहे, त्या प्रत्येकाचे नाव वर रजिस्टरमध्ये असले पाहिजे. १९७५ साली चासनाला खाणीत पाणी घुसून ३७५ कामगार गेले. १९८९ साली राणीगंजच्या महाबीर खाणीत अडकलेल्या ६५ जणांना पोलादी कुपीतून एकेक करून वर काढले. अशा वेळी आत किती माणसे आहेत आणि कोण आहेत, हे कळण्यावर सारे अवलंबून असते. ज्याचे नाव लिहिलेले नाही, त्याला शोधायला कोण जाणार?

हीच गोष्ट आपल्या भट्टीवरच्या आणि विहिरीवरच्या माणसाला लागू आहे. ठेकेदाराच्या वहीत पहिले नावच तेवढे असते, आडनाव नाही, वय नाही. अपघात झाला की "हा आमचा माणूसच नाही" असे ऐकावे लागते, आणि घरच्या बाईला नवऱ्याची नोकरी सिद्ध करीत फिरावे लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनुसार कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ते मागून घ्या. हजेरीपट पाहा. पगाराची पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या.

आज पाळीवरून माणूस घरी आला की जेवायला वाढताना एवढेच विचारा : तुमचे पूर्ण नाव रजिस्टरमध्ये आहे ना?