मुकादम आखाडात येतो

बारडोली, मढी, चलथाण, सायण, महुवा, कामरेज. सुरत जिल्ह्यात ही नावं सहकारी साखर कारखान्यांची म्हणून ओळखली जातात. धुळे-नंदुरबारच्या पाड्यांवर आणि डांगात मात्र हे वर्षातल्या निम्म्या महिन्यांचे पत्ते आहेत. दिवाळीच्या आगेमागे भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरं घेऊन ऊसतोडीला जाणारे ट्रक भरतात. माणसं परततात तेव्हा उन्हाळा डोक्यावर आलेला असतो.

सरकारी धोरण आणि संघटित समाज एकत्र आले तर गावातलं दारिद्र्य हटतं का, असं आपल्या प्रशिक्षणांत वारंवार विचारलं जातं. सुरतेच्या ऊसपट्ट्याकडे पाहिलं तर उत्तर 'हो' असंच द्यावं लागतं. काकरापारच्या बंधाऱ्याने आणि 1972 मध्ये पुऱ्या झालेल्या उकाई धरणाने तापीचं पाणी शेतात आणलं. 1955 साली, हा भाग मुंबई राज्यात असताना, बारडोलीचा सहकारी कारखाना उभा राहिला. 1928 च्या सत्याग्रहात सारावाढीविरुद्ध एकत्र राहायला शिकलेला शेतकरी इथे सभासद झाला. दक्षिण गुजरातचे हे कारखाने उसाला चांगला भाव देण्याबद्दल नावाजले गेले. पाणी सरकारने दिलं, संघटना लोकांनी केली आणि दोन पिढ्यांत कौलारू घरांचे बंगले झाले. यशोगाथा म्हणून छापायला यात काही कमी नाही.

पण सभासदत्व जमिनीवर मिळतं. ज्याच्या नावे उतारा नाही त्याला या सहकारात जागा नाही. सत्याग्रहाच्या काळात याच शेतांवर राबणारा दुबळा, म्हणजे आजचा हळपती समाज, हाळीच्या वेठीत होता. साऱ्याची लढाई त्याची नव्हतीच. उकाईच्या बुडिताखाली सोनगड, उच्छल, निझरकडची आदिवासी गावं गेली, पाणी मात्र खालच्या उसाला पोचलं. तोडणीच्या टोळ्या याही भागातून भरतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन साठच्या दशकापासून या भागात हिंडत होते. हे कारखाने उसाबरोबर माणसंही गाळतात, असं त्यांनी 1978 मध्ये लिहिलं. शेताच्या बांधाला स्थानिक भूमिहीन बसलेला असताना दोन-तीनशे किलोमीटरवरून मजूर का आणायचा, हा त्यांचा प्रश्न होता. परमुलखातला माणूस रात्री-अपरात्री कामाला उठतो आणि हंगाम संपेपर्यंत हलत नाही, असं त्याचं थोडक्यात उत्तर.

तो हलत नाही, कारण त्याने टोळी भरणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. मुकादमाला शिव्या घालणं सोपं आहे. आपल्या क्षेत्रातल्या लोकांनी आधी त्याची कार्यपद्धती नीट पाहावी. तो आखाडात येतो. घरातली गेल्या वर्षीची नागली-ज्वारी संपलेली असते, नवं पीक अजून गुडघ्याएवढंही नसतं, कोणी तरी तापाने फणफणलेलं असतं. मुकादम कागद मागत नाही, जामीन मागत नाही, बँकेच्या वेळा सांगत नाही. पैसे हातावर ठेवतो आणि वहीत अंगठा घेतो. पुढे पडावावर, म्हणजे तोडणीच्या तळावर, धान्याची खावटी देतो तीही त्याच वहीत चढते. या उचलीवर हजाराचे दीड हजार, म्हणजे दिडीने, कापून घेतल्याच्या नोंदी मजुरांत काम करणाऱ्या संस्थांनी केल्या आहेत. व्याज लुबाडणारं आहे, पण वेळ अचूक आहे. आपल्या एकाही योजनेला ही वेळ साधलेली नाही, आणि माझ्या मते सगळं घोडं इथेच अडलं आहे.

आपलं वेळापत्रक पाहा. महाराष्ट्राने 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, वि. स. पागे यांची ती कल्पना पुढे देशाने 2005 च्या कायद्यात उचलली आणि पहिल्याच टप्प्यात धुळे, नंदुरबार आणि डांग तिन्ही जिल्हे आले. पण मातीकामं जोरात चालतात ती हिवाळ्या-उन्हाळ्यात. त्या वेळी ज्याला कामाची सर्वांत जास्त गरज तो बारडोलीकडे उसाच्या मोळ्या बांधत असतो. पावसात कामं थंडावतात आणि तेव्हाच पाड्यावर मुकादमाची मोटरसायकल येते. महाराष्ट्राची खावटी कर्ज योजना 1978 पासून याच पावसाळी उपासमारीसाठी होती. मध्ये ती बंद पडली. 2020 मध्ये अनुदान म्हणून परत आली: कुटुंबाला चार हजार, निम्मे रोख, निम्मे वस्तूंच्या रूपात. निर्णय त्या वर्षीच्या पावसाळ्यात झाला, वाटप 2021 पर्यंत रेंगाळलं. भाद्रपदातली भूक पुढच्या साली भागवता येत नाही, हे मंत्रालयात कोणाला समजावून सांगावं लागावं याचं नवल वाटतं.

तोडणीचा दर महत्त्वाचा नाही असं मी म्हणत नाही. मजुरांच्या संघटनेने वर्षानुवर्षं लावून धरल्यावर 2023 च्या सुमारास गुजरातने किमान दर टनाला 238 रुपयांवरून 476 वर नेला. एका फटक्यात दुप्पट. कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला टन-दीड टन तोडते असं धरलं तर दोघांच्या पहाटेपासूनच्या राबण्याचे पाचशे ते सातशे रुपये. पण हिशेब वहीतच राहणार असेल आणि कापणी दिडीनेच होणार असेल, तर वाढलेल्या दरातलं किती घरी पोचतं? दरासाठी भांडणारे आणि पाड्यावर बचत गट चालवणारे अजून एका बैठकीत बसत नाहीत. त्यांनी बसायला हवं.

ग्रामसेवक, रोजगार सेवक, उमेदच्या ताई, संस्थांचे कार्यकर्ते हे आमचे वाचक आहेत, म्हणून कामाचं बोलू. टोळ्या एप्रिल-मेमध्ये परततात. पाऊस पडेपर्यंत हाताशी महिना-दीड महिना असतो. या दिवसांसाठीचा कामांचा आराखडा माणसं परतण्याआधीच मंजूर असला पाहिजे आणि कामाच्या मागणीचा नमुना 4 भरून घ्यायला रोजगार सेवकाने स्वतः घरोघर गेलं पाहिजे. मजुरी पंधरा दिवसांत देण्याचं बंधन पाळलं, तर तो पैसा आखाडापर्यंत पुरतो. दुसरं, बचत गटांचं अंतर्गत कर्ज. बहुतेक गटांत ते मागेल तेव्हा मागेल त्याला मिळतं, आणि बैठका भरतात तेव्हा निम्म्या बाया उसात असतात. स्थलांतराच्या गावांत गटाने शिल्लक पावसाळ्यासाठी राखून ठेवावी. उन्हाळ्यात हप्ते घ्यावेत, आखाड-श्रावणात धान्य किंवा रोख द्यावी. गटाची कागदपत्रं इतर गावांसारखीच दिसावीत हा अट्टाहास सोडावा लागेल. तिसरं, ग्रामसभा. पेसा गावांत महाराष्ट्राने 2015 पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतले पाच टक्के थेट गावाकडे दिले आहेत. बहुतेक ठिकाणी त्यातून काय उभं राहतं ते आपण सगळे जाणतो: पेव्हर ब्लॉक. ग्रामसभेत 'या वर्षी किती घरांनी उचल घेतली, किती, कोणाकडून' हा विषय पत्रिकेवर आलेला किती जणांनी पाहिलाय?

असं काही घडू शकतं याचा पुरावा सीमेलगतच आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखलं, पाणी अडवलं, भाताची पद्धत बदलली. मजुरीसाठी गाव सोडणं कमी झालं. 2025 मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी त्यांचे फोटो फिरवले. त्या कामाला लागलेली तीन दशकं मात्र प्रकल्प प्रस्तावाच्या तीन वर्षांत बसत नाहीत. तेवढी वर्षं ज्या पाड्यांकडे नाहीत, तिथे निदान यंदाच्या आखाडाचा बंदोबस्त तरी करू.

एक गोष्ट मात्र गावपातळीवर सुटणारी नाही. नवापूरच्या स्टेशनातून राज्याची हद्द जाते. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. मजूर नेमका त्या रेघेवर अडकतो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनामागे पैसे कापायचे ते महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडून. बारडोलीचा ऊस त्यात मोजला जात नाही. मग बारडोलीचा ऊस तोडणाऱ्या नंदुरबारच्या बाईची जबाबदारी कोणाची? आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी 1979 चा कायदा होता, नोंदणीची सक्ती होती. 2020 मध्ये त्याची जागा घेणारी संहिता आली, पण पाड्यावरची नोंद त्याआधीही नव्हती. शिधापत्रिका देशभर चालते हे खरं, पण पडाव शेतात, दुकान गावात, आणि म्हातारी माणसं घरी त्याच कार्डावर. नंदुरबार, धुळे, डांग, तापी आणि सुरत या पाच जिल्हा प्रशासनांनी दसऱ्याआधी टोळ्यांच्या याद्या एकमेकांना द्याव्यात आणि कारखान्यांनी उचलीचा हिशेब मजुराच्या हातात छापील द्यावा, एवढी मागणी तरी आपल्या तालुका संघटनांनी या पावसाळ्यात लेखी करावी. मसुदा तयार करायला आमचं कार्यालय मदत करील. पत्रं मात्र ग्रामसभांच्या ठरावांसह जायला हवीत.